हातभर अंतर

रामिन बहरानी यांचा '९९ होम्स' (२०१४) हा चित्रपट अमेरिकेतल्या घरकर्जांच्या अरिष्टावरच्या कथाकृतींमध्ये मला सर्वांत धारदार वाटतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये बांधकामावर राबणाऱ्या डेनिस नॅशच्या दारात एके सकाळी पोलीस येऊन उभे राहतात. सोबत रिक कार्व्हर नावाचा इस्टेट एजंट असतो. थोड्याच वेळात आई, मुलगा आणि सगळा संसार बाहेर हिरवळीवर येतो. पुढे हाच नॅश पोटासाठी कार्व्हरकडे कामाला लागतो आणि रिकाम्या घरांमधली वातानुकूलन यंत्रे उचकटून नेऊ लागतो. यंत्रे नवीन बसवल्याची बिले सरकारी संस्थेकडे जातात. शेवटी कोर्टात एक बनावट कागद सादर होतो आणि त्या ओझ्याखाली नॅशचा कणा वाकतो.

चित्रपट चांगलाच आहे. माझा आक्षेप त्याने काय दाखवले याला नाही. असे चित्रपट पाहून आपली समजूत कशी होते, त्याला आहे. आपल्याला वाटते की घराच्या व्यवहारातली लबाडी ओळखायची तर दारावर थाप पडावी लागते, कोणी रडावे लागते, सामान रस्त्यावर यावे लागते. २००८नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत असंख्य घरे अशी थाप न पडताच हातची गेली. कागदावर मालकाची राजीखुशीची सही होती, एजंटाची होती, बँकेचीही होती. त्या व्यवहाराला 'शॉर्ट सेल' म्हणतात. त्यात आतल्या मंडळींनी जे केले, त्याच्या नीतीची चर्चा कथा-चित्रपटांनी जवळजवळ केलीच नाही, आणि त्यामुळे ती बँकांच्या छापील अर्जांवर सोपवली गेली. हे अर्जही मी इथे साहित्य म्हणूनच वाचणार आहे. माझी उमेदीची वर्षे वकिलांसाठी मिळकतींचे शोध अहवाल तयार करण्यात गेली. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण दस्तात काय लिहिले आहे याच्याइतकेच काय लिहिलेले नाही तेही पाहायची सवय त्या कामाने लावली.

आधी व्यवहार समजून घेऊ. घरावर ३ लाख डॉलरचे कर्ज आहे आणि बाजारात घराला २ लाखच मिळतात, असे समजा. लास व्हेगाससारख्या शहरात घरांच्या किमती शिखरावरून ६० टक्क्यांच्या आसपास कोसळल्या होत्या, तेव्हा हे उदाहरण मुळीच टोकाचे नाही. मालकाला हप्ता झेपत नाही. जप्ती आणि लिलावात बँकेचाही वेळ जातो, पैसा जातो. म्हणून मालक बँकेला विनंती करतो की मी गिऱ्हाईक आणतो, जी किंमत येईल ती घ्या आणि घरावरचा बोजा उतरवा. पैसे कर्जाला 'अपुरे' पडतात, म्हणून हा शॉर्ट सेल. (मायकल लुइस यांच्या 'द बिग शॉर्ट' या पुस्तकातला 'शॉर्ट' वेगळा. तिथे भाव पडण्यावर पैज लावलेली असते. एकाच शब्दाने पडझडीवर कमावणारा आणि पडझडीत बुडालेला असे दोघेही दाखवले जावेत, हा इंग्रजी भाषेने केलेला क्रूर विनोद आहे.)

आता यातली आतली गोष्ट. घर खरोखर कितीचे आहे हे बँकेला दुरून कळत नाही. ती स्थानिक एजंटाकडून किमतीचा अंदाज मागवते. घर विकायला काढलेल्या एजंटाच्या हाती १ लाख ९० हजारांचे गिऱ्हाईक आहे, पण तो ते बँकेला कळवत नाही. आपल्याच मित्राच्या कंपनीचा १ लाख ४० हजारांचा देकार पुढे करतो. अंदाज करायला आलेल्या माणसाला ओल आलेली भिंत दाखवतो, नवे स्वयंपाकघर दाखवत नाही. बँक मान्यता देते. सकाळी घर मित्राच्या कंपनीच्या नावे होते आणि दुपारी त्या १ लाख ९० हजारांच्या गिऱ्हाइकाला विकले जाते. मधले ५० हजार कोणाचे? या प्रकाराला तिकडच्या बाजारात 'फ्लॉपिंग' असे नाव पडले. घर सजवून भाव चढवणे म्हणजे 'फ्लिपिंग', त्याच्या उलट भाव पाडून घेणे म्हणजे हे.

याच्या समर्थनाची एक जुनी रीत आहे. गेले कोणाचे, तर बँकेचे. आणि बँकेची कीव कोण करणार? स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ राथ' (१९३९) या कादंबरीत ट्रॅक्टर घेऊन घर पाडायला आलेल्या माणसासमोर कूळ बंदूक घेऊन उभे राहते आणि गोळी घालावी तर कोणाला, हेच त्याला कळेनासे होते. बँकेला चेहरा नाही, हा त्या प्रसंगाचा विषाद. सत्तर वर्षांनी हा विषाद उलटा फिरवून सोय म्हणून वापरला गेला: चेहरा नाही, म्हणजे फसवणूकही नाही. त्यात बँकांचे हातही बरबटलेले होते. जप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचताच त्यांच्या कारकुनांनी गठ्ठ्यांनी सह्या ठोकल्याचे २०१० साली उघड झाले. फेब्रुवारी २०१२मध्ये पाच मोठ्या कर्जवसुली कंपन्यांनी ४९ राज्यांबरोबर २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. या तडजोडीचा एक तपशील फारसा कोणी उच्चारत नाही: शॉर्ट सेलमध्ये सोडलेली रक्कम या कंपन्यांना प्रायश्चित्ताच्या हिशेबात जमा धरता येत होती. म्हणजे मालकाचे घर तर गेलेच, वर ते जाणे बँकेच्या पुण्याच्या खात्यात पडले.

पण 'बँकेचेच गेले' हा युक्तिवाद दस्त उघडले की टिकत नाही. कर्ज देणारी बँक बहुतेक वेळा ते कर्ज विकून मोकळी झालेली असते. ते हजारो कर्जांच्या मोळीत बांधले जाते आणि मोळीचे तुकडे निवृत्तिवेतन निधींपासून कोणाच्याही हाती असतात, किंवा ते फॅनी मे, फ्रेडी मॅक या संस्थांकडे असते, ज्या सप्टेंबर २००८मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि करदात्यांच्या पैशाने तगवल्या. मान्यतेची सही करणारा वसुली कंपनीचा कारकून यातला एक सेंटही गमावत नाही. त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, आणि तो कमी करणे हेच त्याचे काम.

दुसरे, खुद्द मालक. बोजा उतरला म्हणजे कर्ज फिटले असे नव्हे. अनेक राज्यांत उरलेली रक्कम बँक मालकाकडून मागू शकते. तिथे एजंटाने भाव पाडून खाल्लेला प्रत्येक डॉलर त्याच्याच अशिलाच्या डोक्यावर राहतो. कॅलिफोर्नियाने २०११मध्ये शॉर्ट सेलनंतरची अशी वसुली कायद्याने बंद केली, सगळीकडे मात्र तसे नव्हते. आणि तिसरा, शेजारी. पाडलेल्या भावाची ती विक्री नोंदवहीत जाते, आणि पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या घराचा अंदाज त्याच नोंदीवरून ठरतो. प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्या त्या शेजाऱ्याची गोष्ट कोणत्या चित्रपटात आली?

आता तो छापील अर्ज. संघराज्य सरकारची 'हाफा' नावाची योजना एप्रिल २०१०पासून लागू झाली. शॉर्ट सेलला शिस्त लावणे हा तिचा हेतू होता. घर सोडणाऱ्याला स्थलांतरासाठी ३,००० डॉलर मिळत. तिची एक मुख्य अट अशी की व्यवहार 'आर्म्स लेंग्थ' हवा, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यात हातभर अंतर हवे. दोघांत रक्ताचे, लग्नाचे किंवा धंद्याचे नाते नको. घर विकून मूळ मालक तिथेच भाडेकरू म्हणून राहील किंवा पुढे परत विकत घेईल, असा छुपा करार नको. बँकाही या नमुन्याची प्रतिज्ञापत्रे घेत. पाठोपाठच्या फेरविक्रीला मुदतीचा अडसर घातला होता, ही त्यातली कामाची तरतूद.

हे प्रतिज्ञापत्र मजकूर म्हणून वाचले तर त्याची दृष्टी कुठे आहे ते दिसते. ते नाते मोजते, माहिती मोजत नाही. विक्रेत्याचा भाऊ खरेदीदार असेल तर व्यवहार अडतो, मग भाऊ बाजारातली सर्वांत चढी किंमत का देत असेना. पण एजंटाच्या ओळखीची कंपनी खरेदीदार असेल, तर विक्रेत्याशी तिचे काहीच नाते नाही. हातभर काय, कोसभर अंतर आहे! चढा देकार कोणाच्या खणात पडून आहे, हा प्रश्न नात्याच्या रकान्यात मावतच नाही. अमेरिकेतल्या रिअल्टर संघटनेची आचारसंहिता १९१३पासूनची आहे. एजंटाने स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी मिळकत घेताना आपला खरा हितसंबंध मालकाला सांगावा, असे तिच्यात आहे. तिने मालकाला सांगायला लावले. पण शॉर्ट सेलमध्ये किमतीचा चटका ज्याला बसतो, तो मालकाच्याही पलीकडे बसलेला असतो.

नात्याचा हा निकष दोन्ही बाजूंनी कसा फसतो, हे दोन घटनांत दिसते.

डायान हॅथवे मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती होत्या. ग्रोस पॉइंट पार्क इथल्या त्यांच्या घराचा शॉर्ट सेल झाला आणि बँकेने सुमारे ६ लाख डॉलर सोडले. फ्लोरिडातले त्यांचे दुसरे घर मात्र त्याआधी कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे झाले होते. शॉर्ट सेल उरकल्यावर ते परत आले. जानेवारी २०१३मध्ये त्यांनी पद सोडले, बँक फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. इथे आरोपाचा गाभा खरेदीदार कोण हा नव्हता. आपण अडचणीत आहोत हे दाखवताना काय दडवले, हा होता. कायदा ज्यांनी आयुष्यभर वाचला, त्यांना कोणता रकाना काय विचारत नाही हे नेमके ठाऊक असते.

दुसरी घटना बॉस्टनची. बॉस्टन कम्युनिटी कॅपिटल ही ना-नफा संस्था जप्तीत निघालेली घरे चालू बाजारभावाने विकत घेई आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबालाच नव्या, झेपेल अशा कर्जावर परत विकत असे. लपवाछपवी काही नाही, किंमत बाजाराची. पण मूळ मालकाला घर परत मिळते म्हणजे हातभर अंतर मोडले, म्हणून फॅनी मे आणि फ्रेडी मॅक नकार देत. अनोळखी माणसाला ज्या किमतीत घर मिळे, त्याच किमतीत ते राहत्या कुटुंबाला मिळत नसे. त्याने घ्यायचे तर जुने पूर्ण कर्ज भरायचे. मॅसॅच्युसेट्सने २०१२मध्ये अशा नकाराविरुद्ध कायदा केला. तरी नकार थांबेना, म्हणून राज्याच्या महाधिवक्ता मार्था कोकली यांनी जून २०१४मध्ये खटला भरला. नोव्हेंबर २०१४मध्ये नियामक संस्थेने धोरण बदलले आणि जप्तीनंतर ताब्यात असलेल्या घरांपुरती तरी बाजारभावाने परतखरेदीला वाट दिली. नकारामागची भीती मी निराधार म्हणणार नाही. थकवले की कर्ज कमी होते असे दिसले तर उद्या हप्ते कोण भरेल? पण या भीतीने राहत्या कुटुंबाला उघडपणे अडवले आणि भाव पाडणाऱ्या अनोळखी कंपनीला फक्त एक सही मागितली.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले तेव्हा लोकांनी सावकारांची रोखे-दस्तांची दप्तरे जाळली. राग कागदावर होता, कारण हुकूमनामा मिळवणारा सावकारच लिलावात बोली लावून जमीन कवडीमोलाने घेत असे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८) आदेश २१चे नियम ७२ आणि ७३ आहेत. हुकूमनामाधारकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय बोली लावायची नाही, आणि विक्रीच्या कामाशी ज्याचे कर्तव्य जोडलेले आहे त्याने आडूनसुद्धा घ्यायचे नाही. हा दुसरा नियम मला अमेरिकन प्रतिज्ञापत्रापेक्षा शहाणा वाटतो. तो कोणाचा काका कोण हे विचारत नाही. विक्री कोणाच्या हातून होते आहे, एवढेच पाहतो. दिवाळखोरी संहितेत नोव्हेंबर २०१७मध्ये आलेले कलम २९-अ मात्र थकबाकीदार प्रवर्तक आणि त्याचे संबंधित अशी यादी करते. म्हणजे आपणही पुन्हा नात्याकडेच वळलो. बड्या थकबाकीदाराने आपलीच कंपनी मातीमोलाने परत घेऊ नये हा हेतू रास्तच आहे, पण दुसऱ्याच्या नावामागे लपणे आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जुने आहे.

आता कथाकृतींकडे परत. '९९ होम्स'मधला कार्व्हर दारात उभा राहतो म्हणून आपण त्याला ओळखतो. 'द बिग शॉर्ट'वरच्या चित्रपटात (२०१५) पैज लावणारे हुशार आहेत आणि आपण त्यांच्या हुशारीत सामील होतो. दोन्हीकडे गुन्ह्याला चेहरा मिळाला. शॉर्ट सेलच्या कादंबरीत तो मिळणार नाही. तिच्यात एक एजंट असेल, जो मालकाशी अतिशय गोड वागतो. त्याच्यामुळे जप्तीची नामुष्की टळली म्हणून मालक त्याला दुवा देतो, आणि ती टळलेली असतेच, ते खोटे नसते. दूरच्या शहरात एक कारकून असेल, ज्याच्यासमोर ओल आलेल्या भिंतीचे छायाचित्र आहे आणि दुपारी चारपर्यंत आणखी कितीतरी फायली हातावेगळ्या करायच्या आहेत. आणि खणात एक चढा देकार असेल, जो कथेतल्या कोणालाच दिसत नाही. हे लिहायला नाट्यापेक्षा हिशेब जास्त लागतो. त्या कारकुनाच्या बाजूने, त्याच्या खुर्चीत बसून, कोणीतरी ती फाईल एकदा पानापानाने वाचायला हवी.