भजनाची मंडळी आणि ख्रिस्ताची मंडळी

मराठी ख्रिस्ती समाजाने चर्चसाठी जो शब्द पत्करला तो 'मंडळी'. इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत हाच शब्द 'मंडली' असा उच्चारला जातो, आणि तेथे त्याचा अर्थ आहे तंबुरा, मंजिरा व ढोलक घेऊन रात्रभर कबिराची भजने गाणारी पाचसात माणसे. शब्दांचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि लोककलांतून समाजास आशा लाभते काय, आणि लाभत असल्यास ती समाज बदलणारी असते की केवळ दुःखाचा विसर पाडणारी, हा प्रश्न आपल्या पाळकांपुढे व धर्मशिक्षकांपुढे वारंवार येतो. त्याचा विचार या दोन मंडळ्या शेजारी ठेवून करावा, असे आम्ही योजिले आहे.

इंदूर मराठी वाचकाला परके नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी बोलली जाते, आणि लोककलेविषयीच्या आपल्या जुन्या वादाची एक आख्यायिका याच राजघराण्याशी निगडित आहे. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी तमाशाचा फड घेऊन हिंडत असे. अहिल्याबाईंनी त्याची कानउघाडणी केली, ब्राह्मणाने असे करावे काय असे विचारले, आणि त्याने डफ टाकून कीर्तनाची वाट धरली, असे सांगतात. ही कथा शाहिराच्या उद्धाराची म्हणून सांगितली जाते. आम्हांस मात्र तीत एक गोष्ट खटकते. ज्या डफाभोवती गावकुसाबाहेरचा श्रोता निःसंकोच बसू शकत होता तो डफ गेला, आणि त्या श्रोत्याचे काय झाले हे आख्यायिका सांगत नाही. कला शुद्ध करू पाहणाऱ्या प्रत्येकाने, मिशनरी व पाळक धरून, या गप्प राहिलेल्या श्रोत्याची आठवण ठेवावयास हवी.

आपल्याकडील ख्रिस्ती कीर्तन हे अशाच शुद्धीकरणाचे अपत्य होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या परिसरात ते रूढ झाले. त्याच्या आरंभकांत कृष्णराव रत्नोजी सांगळे यांचे नाव घेतले जाते. पुढे नारायण वामन टिळकांनी भजनाला अभंगाची भाषा दिली आणि परदेशी चालींवर बसविलेल्या गीतांखाली गुदमरलेला मराठी कंठ मोकळा केला. हे ऋण फेडता न येणारे आहे. परंतु समीक्षकाने कृतज्ञता व्यक्त करून थांबू नये. कीर्तनाचा सांगाडा आपण घेतला, पूर्वरंग व उत्तररंग घेतले, वीणा आणि झांजही घेतली; मात्र व्यासपीठ आणि श्रोता यांच्यामधले अंतर जसे होते तसेच राहू दिले. आमच्या कीर्तनात शंका काढणारा आणि तिचे निरसन करणारा एकच असतो. श्रोता शेवटी टाळी वाजवितो, फार तर डोळे पुसतो. तो विचारीत काही नाही. विचारलेच तर कीर्तनकाराला ते चालणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आता माळव्याकडे वळू. निर्गुणी भजनाची कीर्ती मराठी रसिकांपर्यंत आली ती मुख्यतः कुमार गंधर्वांच्या गळ्यातून. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार हवापालटासाठी इंदूरजवळच्या देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते आणि दारावरून जाणाऱ्या भजनी भिक्षेकऱ्यांचे सूर ऐकले, आणि पुढे ते मैफलीत आणले. ते गाणे ऐकताना मनुष्य एकटा होतो, अंतर्मुख होतो. त्याची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण खेड्यातल्या मंडलीचे गाणे वेगळे आहे, आणि कुमारांच्या गाण्यावरून त्याची कल्पना करणे चुकीचे ठरेल. तेथे एक जण तंबुऱ्याची तार छेडीत करतालीचा ठेका धरतो, ओळ उचलतो, आणि बाकीचे ती ओढून नेतात. ऐकणारा मध्येच सूर मिसळतो. गायक एक कडवे संपले की थांबतो व साध्या माळवी बोलीत त्याचा अर्थ सांगू लागतो. उज्जैन जिल्ह्यातल्या लुन्याखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया यांनी ही रीत देशभर पोहोचविली. ते व्यवसायाने शाळामास्तर, जन्माने दलित. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गायनात अलंकार कमी, आवाज रुंद आणि उघडा. अर्थ सांगताना ते शिक्षकासारखे समजावतात, आणि पुन्हा गाऊ लागले की समजावलेले सगळे मागे टाकून पुढे जातात. गाण्यापेक्षा विवेचन लहान ठेवण्याची ही शिस्त आपल्या उपदेशकांनी अवश्य अभ्यासावी.

या मंडळ्यांचे गायक बहुतांशी शेतमजूर, कारागीर, अल्पभूधारक. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर राबावे आणि रात्री कोणाच्या तरी अंगणात गावे, असा हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला. १९९१ साली देवास येथे 'एकलव्य' या शिक्षणसंस्थेने 'कबीर भजन एवं विचार मंच' सुरू केला. एकलव्य मूळची विज्ञानशिक्षणाची संस्था. देवधर्माशी तिचा संबंध नव्हता. तिने एवढेच केले की दर महिन्याला मंडळ्यांना एकत्र बोलाविले, गाऊ दिले, आणि गाणे झाल्यावर त्यांनाच प्रश्न केला : तुम्ही हे जे गायिलात ते तुमच्या घरात, तुमच्या गावात, तुमच्या जातीत कोठे दिसते? अयोध्येच्या वादाने माणसे माणसांपासून तुटत होती तो हा काळ. हिंदू-मुसलमान दोघांनाही फटकारणाऱ्या संताची पदे अशा वेळी गाणे, आणि गाऊन झाल्यावर त्यांच्यावर बोलणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. १९९८ पर्यंत हा मंच चालला. त्याने क्रांती घडविली असे कोणी म्हणत नाही. पण आयुष्यभर गायिलेल्या ओळीपुढे गायक स्वतःच उभा राहिला, आणि ती ओळ त्याच्याकडे उत्तर मागू लागली. आमच्या मते कलेतून होणाऱ्या परिवर्तनाचे मर्म येथे आहे. गाणे दुसऱ्याला काय सांगते यापेक्षा गाणाऱ्याकडून काय मागते, यावर त्याची शक्ती अवलंबून असते.

या मागणीची किंमत काय असते हे शबनम विरमाणी यांच्या 'कबीरा खड़ा बज़ार में' या २००८ च्या माहितीपटात दिसते. टिपानियाजी एका बाजूने एकलव्यच्या मित्रांत वावरतात आणि दुसऱ्या बाजूने कबीरपंथाचे महंत होतात. महंत झाले म्हणजे चौका आरती आली : पिठाने रेखलेला चौक, नारळ, विड्याचे पान, पायांवर डोके ठेवणारे भक्त. ज्या संताने कर्मकांडाची टर उडविली त्याच्याच नावाचे हे कर्मकांड! मित्र दुखावतात, आणि गायकाच्या मनातही कठीण प्रश्न उभे राहतात. हा चित्रपट कोणाचीच बाजू ओरडून घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. सुधारकांना मात्र तो थोडा झुकते माप देतो असे आम्हांस वाटले. ज्याला देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, त्याला स्वतःच्या हाताने आरती करावीशी वाटली, तर त्यात नुसते ढोंग पाहणे अन्यायाचे आहे. सन्मानाची भूकही खरी असते. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रथमच नवे धोतर नेसून सर्वांसमवेत एका पात्रातून प्रभुभोजन घेतले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पण त्याच पात्राभोवती पुढे पद, मान आणि वर्गणी यांचे कुंपण कसे उभे राहिले, हेही त्यांनाच अधिक चांगले ठाऊक आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. शतकानुशतके निर्गुण गाऊनही माळव्यातली अस्पृश्यता गेली काय? भजन ऐकून डोलणाऱ्या सवर्ण श्रोत्याला गायकाच्या हातचे पाणी चालत नाही, हा अनुभव तेथील मंडळ्यांना नवा नाही. इंदूरहून थोड्याच अंतरावर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी, घरात भजनांचा नित्यपाठ. बाबासाहेबांनी कबिराला बुद्ध व फुले यांच्यासमवेत आपल्या गुरूंत गणले, पण भजनावर ते थांबले नाहीत. त्यांच्या चळवळीला जे गाणे लाभले ते जलशाचे. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज ठेवून त्यातला शृंगार काढला, आणि रंगमंचावर शाळा, पाणवठा व सावकार आणले. जलसा शत्रूचे नाव घेतो. निर्गुणी भजन आपल्याच मनाचे नाव घेते. केवळ पहिले गाणारा समाज कडवट होण्याची भीती आहे, केवळ दुसरे गाणारा सोशिक होण्याची. आमचा कल कोणीकडे, असे विचाराल तर आजच्या घडीला जलशाकडे. आपल्या भजनसंग्रहांत सोशिकपणाची काही कमतरता नाही.

इंदूर भागातील ख्रिस्ती कार्यालाही इतिहास आहे. १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने येथे शाळा व दवाखाने चालविले. कॅथलिकांपैकी फादर जॉर्ज प्रोक्श यांनी हिंदीत ख्रिस्तभजने रचली आणि पुढे अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून येशूचरित्राची नृत्यनाट्ये सादर केली. ती सुंदर होती. पण त्यांची वेशभूषा व मुद्रा अभिजात परंपरेतल्या होत्या, आणि ख्रिस्ताला भारतीय करताना त्याला उच्चकुलीन करण्याचा मोह त्या पिढीला आवरला नाही. मंच चालू होता त्याच वर्षांत, त्याच देवास जिल्ह्यात, उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया भूमिहीनांना सावकारीच्या फासातून सुटण्याचा मार्ग दाखवीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरच्या वाटेवर बसमध्ये त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्यपद दिले गेले. कर्जाचा हिशेब समजावणारी भगिनी आणि माणसाच्या समतेची पदे गाणारा मजूर एकाच जिल्ह्यात वावरत होते. सिस्टरांची आठवण आपल्या वेद्यांवर होते, आणि ती व्हावीच. त्या मजुराच्या अंगणात मात्र आपण फारसे बसलो नाही. आज बसणे अधिक अवघड झाले आहे. मध्य प्रदेशात १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याची जागा २०२१ च्या अधिक कडक कायद्याने घेतली आहे, आणि ख्रिस्ती घरात ढोलक वाजली की बाहेर कुजबुज सुरू होते. अशा वेळी लोककलेकडे 'सुवार्ता पोहोचविण्याचे साधन' म्हणून पाहणाऱ्यास कोणी संशयाने पाहिले, तर सगळा दोष पाहणाऱ्याचाच असतो असे नाही. साधन म्हणून उचललेले गाणे ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येते.

आमोसाच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या लोकांच्या गीतांचा कोलाहल दूर करा म्हणतो, आणि त्यांच्या जागी न्यायाचा प्रवाह मागतो. हे वचन आपण इतरांच्या उत्सवांना लावतो. स्वतःच्या भजनसंध्येला लावीत नाही. उलट प्रेषितांच्या कृत्यांत पौल व सीला मध्यरात्री तुरुंगात गातात, तेव्हा लूक आवर्जून नोंदवितो की बाकीचे बंदिवान ऐकत होते. पायांत खोडा असलेल्यांनी, खोडा असलेल्यांसाठी गायिलेले ते गाणे होते. देवासच्या मंचावर जे घडले त्याला सर्वांत जवळचे शास्त्रवचन आम्हांस हेच वाटते.

मंचाची एक उणीव राहिली. गाणारे जवळजवळ सारे पुरुष होते. रात्रभराचे भजन, दूरचे गाव आणि सकाळचा चुलीचा धूर हे गणित स्त्रीला जमणारे नव्हते. अलीकडे गीता पराग यांच्यासारख्या गायिकांनी स्वतः तंबुरा हाती घेतला आहे. आपल्या खेड्यांत मात्र भजनाला बसलेल्या बायकांपैकी कोणी स्वतः अर्थ सांगू लागली तर कीर्तनकार आजही ढोलकवाल्याला पुढचे पद सुरू करण्याची खूण करतो.