विभूतिपूजा आणि कार्लाइलचें मौन

टॉमस कार्लाइल यानें १८४० सालच्या मे महिन्यांत लंडन येथें विभूतिपूजेवर सहा व्याख्यानें दिलीं व पुढील वर्षीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. इंग्रजी पुस्तकांचें जुनें कपाट ज्या घरांत अद्याप शिल्लक आहे, तेथें हा ग्रंथ पुष्कळदां हातीं लागतो. ओडिन हा देव, महंमद पैगंबर, दान्ते व शेक्सपिअर हे कवि, लूथर व नॉक्स हे धर्मोपदेशक, जॉन्सन, रूसो व बर्न्स हे ग्रंथकार आणि शेवटीं क्रॉम्वेल व नेपोलियन हे राज्यकर्ते, अशी त्यांतील मालिका आहे. मात्र पहिल्याच व्याख्यानांत कार्लाइल सांगून टाकतो कीं, सर्व विभूतींत जी श्रेष्ठ, तिचें नांव आपण येथें घेणार नाहीं. तो विषय मौनासच सोंपविलेला बरा. ही विभूति म्हणजे ख्रिस्त, हें उघड आहे. प्रथम वाचनीं हें मौन भक्तीचें आहे असें आम्हांसही वाटलें होतें. ग्रंथ पुन्हा वाचल्यावर आमचें मत फिरलें. ख्रिस्ताला या मालिकेंत बसवावयाचें, तर मालिकेचें मापच मोडावें लागतें, आणि तें मोडण्याची कार्लाइलची तयारी नव्हती.

ग्रंथाचे गुण थोडे नाहींत. महंमद पैगंबर हे ढोंगी होते, हा युरोपांतील जुना अपसमज त्यानें भर सभेंत खोडून काढिला. त्या काळीं हें धैर्याचें काम होतें. स्कॉटलंडमधील कडव्या प्रेस्बिटेरियन घरांत तो वाढला, धर्मोपदेशक व्हावा अशी आईबापांची इच्छा होती, आणि पुढें मतें सुटलीं तरी आवेश सुटला नाहीं. त्या आवेशानेंच त्याची भाषा पेटते. पण त्याचें माप कोणतें? अंतःकरणाची सचोटी, आणि जगास वांकविण्याचें सामर्थ्य. पहिलें माप नेपोलियनला लावतांना तो स्वतःच अडखळतो; दुसरें मात्र तो कधींच खालीं ठेवीत नाहीं. शिष्यांचे पाय धुणारा, मित्र पळून गेल्यावर दोन चोरांच्या मध्यें खांबास खिळलेला मनुष्य या मापानें पराभूतच ठरतो. आमच्या 'विभूति' या शब्दांत कार्लाइलपेक्षां अधिक शहाणपण आहे असें कधीं कधीं वाटतें. गीतेच्या दहाव्या अध्यायांत तो ईश्वरी ऐश्वर्याचा वाचक आहे, आणि कपाळीं लावावयाच्या राखेलाही आपण विभूतिच म्हणतों.

ख्रिस्ती शास्त्रांत या विषयावर एक प्रसंग आहे, तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. लुस्त्र गांवीं पौल व बर्णबा यांनीं एका पांगळ्यास चालतें केलें. गांवकऱ्यांनीं लागलीच त्यांस देव ठरविलें. बर्णबा हा झ्यूस, आणि बोलण्यांत पुढाकार घेणारा पौल हा हर्मेस. पुजारी बैल व माळा घेऊन आला. हे दोघे कपडे फाडीत गर्दींत शिरले व आम्ही तुमच्यासारखींच माणसें आहों असें ओरडूं लागले. तरी लोकांस आवरणें कठीण गेलें! पुढें बाहेरून कांहीं मंडळी आली, तिनें जमावाचें मन फिरविलें, आणि ज्याला बैल वाहावयाचे होते त्यालाच दगडमार करून गांवाबाहेर ओढून टाकिलें. माळ आणि दगड यांत किती थोडें अंतर असतें हें यांत दिसतें. दाविदाची कथाही अशीच. इस्राएलाचा सर्वांत लाडका राजा. त्यानें उरीयाची बायको घेतली व उरीयाला लढाईंत मरावयास पाठविलें, हें त्याच्याच लोकांनीं लिहून ठेविलें. मत्तयानें दिलेल्या ख्रिस्ताच्या वंशावळींतूनही उरीयाचें नांव गाळलेलें नाहीं.

ख्रिस्ती समाज या शास्त्राप्रमाणें वागला असें मात्र कोणी समजूं नये. संतांच्या अस्थींसाठीं भांडणारे, राजांस ईश्वराचे अभिषिक्त म्हणून डोक्यावर घेणारे तेथेंही विपुल झाले.

आणि खुद्द कार्लाइल? १८६५ च्या ऑक्टोबरांत जमेकांतील मोरंट बे येथें काळ्या शेतकऱ्यांनीं बंड केलें. गव्हर्नर एडवर्ड आयर यानें लष्करी कायदा पुकारून चारशेंहून अधिक माणसें मारविलीं. जॉर्ज विल्यम गॉर्डन या विधिमंडळाच्या सभासदास, जेथें लष्करी कायदा लागू नव्हता त्या किंग्स्टनमधून नेऊन, फांशी दिलें. बंडाचा पुढारी पॉल बोगल हा बॅप्टिस्ट मंडळीचा सेवक होता. तोही फांसावर गेला. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल आयरवर खटला व्हावा म्हणून झटला. आयरच्या बचावासाठीं १८६६ त जी समिति निघाली तिच्या अग्रभागीं कार्लाइल होता. हा म्हातारपणींचा चळ होता असें म्हणून कांहीं चाहते सुटका करून घेतील. आम्हांस तें पटत नाहीं. पंचवीस वर्षांपूर्वीं जें माप हातीं धरलें त्यानेंच हें मोजलें. सामर्थ्यवान् पुरुषाकडे टक लावून पाहणाऱ्याला फांसावरचा मनुष्य दिसला नाहीं. आणि ज्याचें नांव घ्यावयाचें नाहीं असें त्यानें ठरविलें होतें, तोही राजद्रोही म्हणूनच खांबावर गेला होता.

थोर पुरुषाकडे पाहण्याची दुसरी रीत आमच्याच भाषेंत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र लिहावें असें चिरंजीव देवदत्त यांच्या मनांत होतें, व त्यासाठीं त्यांनीं आईजवळ आठवणी मागितल्या. त्यांतून लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें बाहेर पडलीं. टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले, तेव्हां पत्नी दूर होती. तिच्या वाट्यास कित्येक वर्षांचा विरह आला. त्यांचा संताप, विसराळूपणा, घरांत उद्यांची सोय नसतां हातचें देऊन टाकण्याची वृत्ति, सारें बाईंनीं लिहिलें आहे, आणि तेंही हंसत. कोठें आरती नाहीं, कोठें सूडही नाहीं. इतकें असून पुस्तक मिटतांना टिळक लहान झालेले वाटत नाहींत. कार्लाइलचा क्रॉम्वेल दुरून पाहावयाचा असतो. हे टिळक ओसरीवर येऊन बसतात, आणि कवीवर संसार करण्याची पाळी आलेली बाई आंतून त्यांना दोन शब्द ऐकवीत असते.