पडदा धरून ठेवतो कोण?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत ‘स्वयंचलित पडदा’ हा प्रकल्प आता चांगलाच रुळला आहे. पुठ्ठ्याचे घर, त्याला एक खिडकी, खिडकीवर गुंडाळीचा पडदा, पडद्याच्या दांडीला जोडलेली छोटी मोटर आणि छपरावर प्रकाश ओळखणारा एलडीआर. विद्यार्थी टॉर्च लावतो, पडदा खाली येतो. टॉर्च विझवतो, पडदा वर जातो. पूर्वी हे काम ट्रान्झिस्टर आणि रिले करीत असत, आता आर्डुइनोची पट्टी करते. पुण्यातील शाळांत परीक्षक म्हणून जाताना आम्हाला हा प्रकल्प वारंवार भेटतो आणि बघ्यांची गर्दीही त्याच्याभोवती जमते. तो वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण त्याला ‘नियंत्रणाचा प्रकल्प’ म्हणून जे गुण दिले जातात, त्यांना तो क्वचितच पात्र असतो. असे का, ते जरा सविस्तर पाहू.

पहिली गोष्ट एलडीआरच्या जागेची. तो छपरावर, म्हणजे खोलीबाहेर असतो. पडदा खाली आल्यावर खोलीत किती उजेड उरला, हे त्याला कधीच कळत नाही. त्याला फक्त टॉर्च दिसतो. म्हणजे हे यंत्र आज्ञा पाळते, पण आपण केलेल्या कामाचा परिणाम काय झाला हे तपासत नाही. नियंत्रणशास्त्राचा प्राण असलेले प्रत्याभरण, ज्याला व्यवहारात फीडबॅक म्हणतात, ते येथे नाहीच.

मग एलडीआर घराच्या आत, पडद्यामागे ठेवून पाहावा. आम्ही विद्यार्थ्यांना तेथल्या तेथे हा बदल करायला सांगतो आणि खरी गंमत तेव्हा सुरू होते. टॉर्च लावला की पडदा खाली येतो. आत अंधार होतो. एलडीआरला वाटते संध्याकाळ झाली. पडदा वर जातो. आत उजेड येतो, पडदा पुन्हा खाली. टॉर्च स्थिर असूनही पडद्याचे वर-खाली थांबत नाही. विद्यार्थी ओशाळतात आणि ‘सर, प्रोग्रॅम बिघडला’ म्हणतात. वास्तविक प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणेच वागत असतो. साऱ्या प्रदर्शनातले सर्वांत शिकण्याजोगे दृश्य ते असते आणि नेमके तेच दडवण्यासाठी एलडीआर छपरावर चढवलेला असतो!

हे थांबवायचे कसे? घरातला फ्रीज किंवा इस्त्री पाहावी. इस्त्री एका तापमानाला बंद होते आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानाला पुन्हा सुरू होते. दोन मर्यादांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेले असते. पडद्यालाही तसेच करता येईल, किंवा तो पुरता न सोडता उजेडाच्या प्रमाणात थोडा थोडा सोडता येईल. बाहेर ठेवलेल्या एलडीआरलाही या अंतराची गरज असतेच. श्रावणात पुण्यात ऊन आणि सर यांचा जो पाठशिवणीचा खेळ चालतो, त्यात प्रत्येक ढगासरशी खालीवर करणारा पडदा घरातली माणसे दुसऱ्याच दिवशी उपटून टाकतील.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. पडद्याच्या बाबतीत तीन कामे असतात. तो उचलायचा, हव्या त्या उंचीवर धरून ठेवायचा, आणि केव्हा उचलायचा ते ठरवायचे. प्रकल्पाचे सारे लक्ष तिसऱ्या कामावर असते, आणि आपल्या हाताला ते सर्वांत सोपे जाते. पहिल्या दोन कामांविषयी विचारले, ‘मोटर बंद केल्यावर पडदा घसरत का नाही?’, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. कधी मोटरच्या दातेरी चाकांतले घर्षण त्याला धरून ठेवते, कधी कागदी पडदा इतका हलका असतो की प्रश्नच उद्भवत नाही. खऱ्या पडद्याला मात्र हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडतो, आणि त्याची जी उत्तरे माणसाने विजेवाचून शोधली, ती कोणत्याही पट्टीवरच्या प्रोग्रॅमपेक्षा कमी बुद्धीची नाहीत.

यांतले एक उत्तर अनेक शाळांच्या भिंतीवर टांगलेले आहे. प्रोजेक्टरचा पांढरा पडदा आपण खाली ओढतो, सावकाश सोडतो, तो खट् आवाज करून थांबतो. पुन्हा किंचित ओढून झटकन सोडला की सरसर वर जातो. गुंडाळीच्या पडद्याची ही रचना प्रचारात आणण्याचे श्रेय स्ट्युअर्ट हार्टशॉर्न या अमेरिकन संशोधकाकडे जाते. त्याचे पेटंट १८६४ सालचे आहे. पोकळ दांडीत एक लांब स्प्रिंग असते. पडदा खाली ओढला की तिला पीळ बसतो. दांडीचे एक टोक भिंतीवरच्या पकडीत मोकळे फिरते. दुसऱ्या टोकातून एक चपटी सळई बाहेर येते, ती पकडीत घट्ट बसते आणि फिरत नाही. या न फिरणाऱ्या सळईवर खाचा असतात, आणि फिरणाऱ्या दांडीच्या टोकाशी एकदोन सैल खिट्या.

दांडी हळू फिरत असेल, तर माथ्यावर आलेली खिटी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि खाचेत अडकते. पडदा थांबतो. दांडी वेगात असेल तर खिटी बाहेर फेकलेलीच राहते, खाचेत पडत नाही. म्हणजे एवढीशी धातूची खिटी दांडीचा वेग ‘मोजते’ आणि त्यावरून निर्णय घेते. ती किती वेगाला निर्णय बदलते? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित जमावे. खिटी अक्षापासून १ सेंटिमीटर अंतरावर आहे असे धरू. माथ्यावर ती न पडण्यासाठी कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या हे गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त हवे. ९.८ भागिले ०.०१ म्हणजे ९८०. त्याचे वर्गमूळ सुमारे ३१. सेकंदाला ३१ रेडियन म्हणजे साधारण ५ फेरे. दांडीची त्रिज्या दीड सेंटिमीटर असेल तर कापडाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. त्याहून हळू सोडा, पडदा थांबेल. त्याहून जोरात जाऊ द्या, तो थांबणार नाही. पडदा ‘हट्टीपणा करतो’ अशी जी तक्रार वर्गावर्गात ऐकू येते, तिचे मूळ बहुधा हातात असते, कारण आपण त्याला नेमका मधला वेग देतो. (पुण्याच्या धुळीने खिटीच चिकटून बसली असेल तर गोष्ट वेगळी.)

आता स्प्रिंगकडे वळू. पडदा जितका खाली येतो, तितके लोंबणाऱ्या कापडाचे वजन वाढते. दर १० सेंटिमीटरला सारखीच भर पडते. दुसरीकडे, दर १० सेंटिमीटरला दांडीचे जवळजवळ सारखेच फेरे होतात, आणि हूकच्या नियमाने स्प्रिंगचा पीळही सारखाच वाढतो. दोन्ही आलेख सरळ रेषा! त्यांचा चढ जुळवला की कापड कोणत्याही उंचीवर तोलले जाते. राहिली तळाची पट्टी; तिचे वजन बदलत नाही, म्हणून तिच्यासाठी पडदा बसवतानाच स्प्रिंगला काही फेरे आधी देऊन ठेवतात. खिटीच्या पडद्यात स्प्रिंग मुद्दाम थोडी जास्त जोराची ठेवतात, म्हणजे सोडल्यावर पडदा आपण होऊन वर जातो.

हाच विचार मोठ्या आकारात पाहायचा असेल तर सकाळी लक्ष्मी रस्त्यावर किंवा बोहरी आळीत दुकाने उघडताना उभे राहावे. ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटर घ्या. १ मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो, म्हणजे या शटरचे साठ किलोच्या घरात. पट्ट्या वळवलेल्या असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. ते दुकानदार दोन हातांनी, कधी एका हाताने, वर ढकलतो. वरच्या नळीत गुंडाळलेल्या स्प्रिंगा बहुतेक भार पेलतात, आणि राहिलेला फरक घर्षण सांभाळते. म्हणून चांगल्या जुळलेल्या शटरला खिटी लागत नाही; ते अर्ध्यावर सोडले तरी तेथेच राहते. स्प्रिंग तुटल्यावर त्याच शटरला दोन माणसे का लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला तोल म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हल्ली घरांत आणि कचेऱ्यांत जे रोलर पडदे दिसतात, ते मण्यांच्या साखळीचे असतात. साखळी सोडली की पडदा जेथल्या तेथे थांबतो, खाच नाही की खिटी नाही. येथे युक्ती वेगळी आहे. न फिरणाऱ्या गाभ्यावर एक स्प्रिंग घट्ट बसवलेली असते. कापडाचे वजन दांडी फिरवू लागले की ते स्प्रिंगला आणखी आवळते. साखळी ओढली की तीच स्प्रिंग किंचित उकलते आणि दांडी फिरू देते. बुजलेला बैल हाताने आवरत नाही, पण दाव्याचे दोन वेढे खुंट्याला दिले की एका हाताने आवरतो, त्यातला आणि यातला नियम एकच. अठराव्या शतकात ऑयलरने तो गणितात मांडला. घर्षण गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने धरण्याची ताकद साडेसहा पट होते, आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. वेढ्यागणिक बेरीज होत नाही, गुणाकार होतो. साध्या यंत्रांच्या धड्यात तरफ, कप्पी, उतरण, पाचर सारे येते. हा वेढा मात्र राहून जातो याचे आम्हाला नवल वाटते.

या साखळीत एक मोठा दोषही आहे. लोंबणाऱ्या फासात लहान मुलाची मान अडकून मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून लागू झालेल्या मानकानुसार दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना अशी लोंबती दोरी चालत नाही. परिणामी तेथील उत्पादक बिनदोरीच्या, स्प्रिंगच्या तोलावर चालणाऱ्या पडद्यांकडे अधिक वळले. आपल्याकडे साखळी भिंतीला ताणून बसवण्याची पकड पडद्याबरोबर मिळते, ती बसवून घेण्याचा आग्रह धरावा.

एका बाबतीत मात्र हे सारे गुंडाळीचे पडदे, स्वयंचलित असोत वा हातचे, आमच्या टीकेतून सुटत नाहीत. ते काचेच्या आत असतात. ऊन काचेतून आत येते, पडद्यावर पडते, पडदा तापतो, आणि ती उष्णता खोलीतच राहते, कारण तापलेल्या पडद्याचे अवरक्त प्रारण काच सहज बाहेर जाऊ देत नाही. पांढरा पडदा काही ऊन परत पाठवतो, एवढेच. प्रकल्पाच्या तक्त्यावर ‘उन्हाळ्यात घर थंड ठेवते’ असे वाक्य हटकून असते; तापमापी मात्र मांडलेली नसते.

पुण्यात खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. एप्रिलच्या मध्याला घड्याळात साडेचारच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर असतो. खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असला तरी त्याची सावली खाली जेमतेम ३७ सेंटिमीटर उतरते. उरलेली खिडकी उघड्या उन्हात. (६० गुणिले ३२ अंशांचा टॅन्जंट, विद्यार्थ्यांनी करून पाहावे.) तेथे आडवा छज्जा निरुपयोगी, उभा पडदाच हवा, आणि तो बाहेरून हवा. बुरूड आळीत मिळणारा बांबूचा चिक हे काम पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. तो गॅलरीच्या कठड्यावर, काचेच्या बाहेर सोडतात. तापतो तो बाहेर तापतो, आणि फटींतून वारा येत राहतो. त्याचे नियंत्रण म्हणजे एक दोरी, एखादी कप्पी, आणि खुंटीला दिलेले दोन वेढे. पुन्हा ऑयलर!

मोटरचा पडदा म्हणून निरर्थक ठरत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला किंवा हात न पोचणाऱ्या उंच खिडकीला त्याचा मोठा आधार आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे अनेक शाळांत अशी सामग्री आली हेही चांगलेच झाले. आमची तक्रार आहे ती निवडीविषयी. तयार संच आणून जोडलेल्या मोटरला आपण पहिल्या रांगेत बसवतो, आणि शटरच्या स्प्रिंगचा अभ्यास घेऊन कोणी आला तर ‘यात विज्ञान काय?’ असे विचारतो. मुले हे फार लवकर ओळखतात. पुढच्या वर्षी तीही संचच आणतात.

शाळेत प्रोजेक्टरचा पडदा असेल तर यंदा हा प्रयोग करून पाहावा. तळाच्या पट्टीला ताणकाटा अडकवून पडदा अगदी सावकाश खाली ओढावा आणि दर १० सेंटिमीटरला ओढ किती ते लिहावे. खिटी अडकली असताना वाचन घेऊ नये. पडदा खाली सरकत असतानाच घ्यावे. आलेख काढला की स्प्रिंग कापडाच्या वजनापेक्षा किती जास्त जोराची ठेवली आहे ते दिसेल. तो सरळ रेषेत येईल अशी अपेक्षा असते, पण बहुधा खालच्या टोकाकडे थोडा वर वळतो. कापड उलगडत गेले की गुंडाळीची त्रिज्या कमी होते, आणि तेवढ्याच १० सेंटिमीटरला दांडीला जास्त फेरे घ्यावे लागतात. गुंडाळी भरलेली असताना आणि रिकामी होताना तिचा व्यास मोजून घेतला, तर तो वाक किती असावा याचा हिशेबही वर्गातच करता येतो.