जाहिरातींतील शेजारधर्म

जाहिरात हा टीकेचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कोणी घेईल, तर डॉ. जॉन्सननें १७५९ सालींच वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर स्वतंत्र निबंध लिहिला होता, एवढें सांगून मी पुढें जातों. आजच्या जाहिरातींत कथा असते, पात्रें असतात, संवाद असतात. आणि अलीकडे बोधही असतो. माल विकावयास निघालेला व्यापारी जातां जातां आम्हांस बंधुभाव शिकवून जातो. त्याचा तो पाठ कलेच्या कसास कितपत उतरतो, हें पाहावयास हरकत नाहीं.

'तनिष्क' या दागिन्यांच्या पेढीनें २०२० च्या ऑक्टोबरांत आपल्या 'एकत्वम्' नांवाच्या अलंकारांसाठीं काढलेली चित्रफीत बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. मुसलमान घरांत आलेली हिंदु सून गरोदर आहे. सासू तिचें डोहाळजेवण तिच्या माहेरच्या रीतीनें करते. ही चाल तुमच्याकडे नाहीं ना, असें सून विचारते. मुलीला सुखांत ठेवण्याची चाल कोणत्या घरीं नसते, अशा आशयाचें उत्तर सासू देते. उत्तर गोड आहे, आणि अभिनयही संयमाचा आहे. परंतु नाट्य म्हणून पाहूं गेल्यास त्यांत पेचच नाहीं. सासूला घरांत कोणाचा विरोध सोसावा लागला काय? मुलीच्या आईबापांना बोलावणें गेलें काय, आणि तीं आलीं काय? ज्या प्रश्नांपायीं आमच्या सुशिक्षित घरांतूनही माणसें भरल्या पानावरून उठतात, ते सारे प्रश्न उंबरठ्याबाहेर ठेवून मगच कॅमेरा आंत शिरलेला आहे. उरतो तो केवळ प्रकाश, फुलें आणि सोनें.

याच्या उलट २०१९ च्या होळीच्या सुमाराची 'सर्फ एक्सेल'ची जाहिरात पाहावी. पांढरे कपडे घातलेली एक लहान मुलगी सायकलवरून गल्लींत फिरते, पोरांचे सारे रंग आपल्या अंगावर ओढून घेते, आणि रंग संपल्यावर नमाजाला निघालेल्या आपल्या मुसलमान मित्राला मागें बसवून मशिदीपर्यंत पोंचविते. येथें पात्र कांहीं तरी करतें. त्याची किंमतही देतें. कपड्यांवरील डाग हा त्या कृतीचा पुरावा असल्यामुळें विकावयाचा माल आणि कथेचा अर्थ एकाच धाग्यांत ओंवले जातात. मला ही कृति निःसंशय सरस वाटते. (तिच्यावर खवळलेल्या कांहीं सद्गृहस्थांनीं केवळ नामसादृश्यामुळें मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सेल' या बिचाऱ्या हिशेबाच्या साधनावर राग काढला, हा तिच्या इतिहासांतील प्रहसनाचा भाग!)

गदारोळ झाल्यावर 'तनिष्क'नें आपली चित्रफीत अवघ्या कांहीं दिवसांत मागें घेतली. दुखावलेल्या भावना आणि कर्मचारी, भागीदार व दुकानांतील नोकर यांचें क्षेम, हीं कारणें तिनें दिलीं. या पेढीला भित्री म्हणणारांपैकीं मी नाहीं. दगड पडतो तो दुकानाच्या कांचेवर; आणि कांचेमागें महिन्याच्या पगारावर राबणारा विक्रेता उभा असतो. परंतु ज्या नोकरांची आठवण माघार घेतांना झाली, तसा एकही माणूस त्या घरगुती सोहळ्याच्या कथेच्या केंद्रीं नव्हता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मी मुकुंदवाडीस राहतों. आमच्या लहानशा स्टेशनावरून पूर्वेस जाणारा लोहमार्ग करमाड, बदनापूर घेत जालन्यास पोंचतो. ८ मे २०२० रोजीं पहाटे याच मार्गावर, करमाडनजीक, सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करणारे ते मध्यप्रदेशांतील लोक टाळेबंदींत भुसावळच्या रोखानें पायीं निघाले होते. तेथून गांवाकडची गाडी मिळेल, अशी त्यांस आशा होती. थकून ते रुळांवरच निजले. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांमध्यें विखुरलेल्या होत्या. तें छायाचित्र अजून डोळ्यांपुढून हालत नाहीं. 'एकत्वम्' आलें तें त्यानंतर पांच महिन्यांनीं.

एका कंपनीच्या माथीं दुसऱ्याचें दुर्दैव मारावें, असा माझा हेतु नाहीं. मला म्हणावयाचें आहे तें जाहिरातींतील 'परक्या'विषयीं. तो परका नेहमीं आमच्याइतकाच सधन, स्वच्छ आणि सुस्वरूप असतो. थोडक्यांत, तो गिऱ्हाईक होण्यास लायक असतो. २००८ सालीं मुंबईस व नाशकास ज्यांना उत्तरेकडचे म्हणून मार बसला, तो परका माल बनविणारा होता. कॅमेरा त्याच्याकडे क्वचितच वळतो. २०१९ सालीं जर्मनींतील कित्येक कुटुंबमालकीच्या कारखान्यांनीं परदेशद्वेषाविरुद्ध मोहीम काढली. मालावरच्या 'जर्मनींत बनविलेलें' या विख्यात शिक्क्याला त्यांनीं 'विविधतेनें बनविलेलें' अशी जोड दिली. परक्या हातांवांचून आपले कारखाने चालावयाचे नाहींत, हा स्वार्थ त्यांत उघड होता. पण तो स्वतःच्या कामशाळेविषयीं बोलणारा स्वार्थ होता, आणि मला तो गोड सासूपेक्षां अधिक खरा वाटतो.

आमच्याकडे याहून धीट कथा एका कंपनीनेंच पूर्वीं सांगितली आहे. 'प्रभात'चा १९४१ चा 'शेजारी' पाहा. 'प्रभात'लाही तिकिटेंच विकावयाचीं होतीं. परंतु शांतारामबापूंच्या त्या चित्रपटांत जिवबा आणि मिर्झा यांच्या मैत्रींत बिब्बा घालतो तो धरण बांधावयास आलेला धनिकच. समेट घडतो, पण फार उशिरां. धरणाच्या विनाशांत दोघे मित्र एकत्र मरतात. मराठींत जिवबाचें काम केशवराव दाते यांनीं केलें, मिर्झाचें गजानन जागीरदारांनीं. 'पडोसी' या हिंदी आवृत्तींत मिर्झा जागीरदारच राहिले, आणि त्यांचा हिंदु शेजारी झाले मझहर खान.