डोक्याचा मार : पडद्यावर आणि मैदानावर

कन्कशन म्हणजे डोक्याला मार बसल्याने मेंदूला बसणारा हादरा. याच नावाचा पीटर लँडेसमन यांचा इंग्रजी चित्रपट २०१५ साली आला. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना तो दाखवावा असे अनेक शिक्षकांना वाटेल. जरूर दाखवावा. मात्र त्यात काय आहे आणि काय राहून गेले आहे, हे आधी पाहू.

कथा सत्य घटनेवर आधारलेली आहे. अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू माईक वेब्स्टर २००२ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारले. शवविच्छेदन करणारे विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांना त्यांचा मेंदू वरून पाहता निरोगी दिसला. तरीही त्याचे पातळ काप करून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा पेशींमध्ये ‘टाऊ’ प्रथिनाचे गुंते आढळले. २००५ साली हा शोध प्रसिद्ध होताच, तो लेख मागे घ्यावा अशी मागणी फुटबॉल संघटनेच्या समितीतील डॉक्टरांनी केली. डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाहीच, असे न मानणारा संशोधक विल स्मिथ यांनी सुरेख उभा केला आहे. चित्रपटाचे खरे यश हेच.

आता दोन त्रुटी. सुतारपक्ष्याची जीभ कवटीला वेढा घालते आणि मेंदूचा जणू सुरक्षापट्टा बनते, असे चित्रपटात सांगितले आहे. परंतु कवटी धक्का शोषत नाही, ती हातोडीसारखी ताठ राहते, असे २०२२ साली बेल्जियममधील संशोधकांनी अतिवेगवान चित्रणाच्या आधारे दाखवले. धक्का शोषला गेला, तर लाकडावरचा ठोकाच दुबळा होईल! पक्ष्याचा मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे; तेवढ्याच त्वरणाने मोठ्या मेंदूत अधिक दाब निर्माण होतो. चित्रपट या संशोधनाआधीचा असल्याने दिग्दर्शकाला दोष देता येत नाही. वर्गात मात्र ही दुरुस्ती सांगावी.

दुसरी त्रुटी गंभीर आहे. चित्रपटाचे नाव एक आणि विषय दुसराच! पडद्यावर दिसतो तो वर्षानुवर्षे डोक्यावर मार बसत राहिल्याने होणारा विकार. मुष्टियोद्ध्यांमधील अशा विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच केले होते. एकदा कन्कशन झालेल्या मुलाला तो होईलच, असे मुळीच नाही. पण साधे कन्कशन ओळखावे कसे आणि ते बरे कसे होते, हे प्रेक्षकाला कळत नाही. तो भीती घेऊन बाहेर पडतो, माहिती नव्हे.

ती उणीव शिक्षकांनी भरून काढायची आहे. कन्कशनमध्ये बहुधा शुद्ध हरपत नाही आणि सी. टी. स्कॅनही सहसा निर्दोष येतो. कारण बिघाड रचनेपेक्षा पेशींच्या कार्यात असतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गोंधळलेपणा, उजेड सहन न होणे, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. ती उशिराही दिसतात. २०१९ साली लॉर्ड्सवर चेंडू मानेवर लागल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे दिसली आणि त्याच्या जागी बदली खेळाडू घ्यावा लागला.

म्हणून कबड्डीत डोके आपटलेल्या मुलाच्या डोक्यावर पाणी मारून त्याला पुन्हा खेळायला पाठवू नये. त्या दिवशी खेळ बंद. एक-दोन दिवस विश्रांती, मग हलके चालणे-फिरणे आणि थोडा अभ्यास. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस निजवून ठेवण्याने फायदा होत नाही. आधी शाळा, मग सराव, आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच सामना. बहुतेक मुले महिन्याभरात बरी होतात. मात्र वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, वाढती गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

चित्रपट संपल्यावर वर्गात दहा मिनिटे याविषयी बोलावे. मैदानावर उपयोगी पडतील ती हीच दहा मिनिटे.