भावोजींची पैठणी

परीक्षणास विषय म्हणून ग्रंथच हवा, हा दंडक आमच्या टीकाकारांनीं आजवर बहुधा पाळला आहे. परंतु जी कृति सुमारें अठरा वर्षें तिन्हीसांजेच्या वेळीं मराठी घरांतून हजेरी लावीत होती, आणि जिच्या प्रेक्षकवर्गाचा कोणत्याहि कादंबरीकारास हेवा वाटावा, तिच्याकडे पाठ फिरवून बसणें हें टीकेचें सोंवळें नव्हे. तो आळस आहे. श्री. आदेश बांदेकर यांचा ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ सालीं तेव्हांच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाला. पुढील वर्षीं वाहिनीचें नांव झी मराठी झालें. कार्यक्रमाचें तेंच राहिलें. २०२२ सालीं तो थांबला. आतां धुरळा खालीं बसला आहे. तेव्हां त्याचें मोल निवांतपणें करावयास हरकत नाहीं.

बांदेकर या कार्यक्रमाकडे वळले तेव्हां ते नवखे नव्हते. दूरदर्शनवरील ‘ताक धिना धिन’ या खेळाचे सूत्रसंचालक म्हणून लोक त्यांस ओळखत होते. परंतु तेथें ते रंगमंचावर उभे असत आणि लोक त्यांच्याकडे येत. येथें त्यांनीं क्रम उलटा केला. सूत्रधार स्वतः लोकांच्या दारांत गेला, चपला काढून आंत आला आणि बैठकीवर टेकला. एवढ्यावर भागतें ना. परक्या पुरुषानें परक्या घरांत शिरून तेथील सुनेशीं थट्टामस्करी करावी, हें आपल्या समाजांत कसें खपावें? बांदेकरांनीं ही अडचण एका शब्दानें सोडविली. ते ‘भावोजी’ झाले आणि समोरची स्त्री ‘वहिनी’ झाली. दीर-भावजयीच्या नात्यांत थट्टेला रूढीचीच मोकळीक आहे. तिचा आधार मिळतांच सासूबाईंच्या देखत सुनेला हंसतां येऊं लागलें. आमच्या मतें या कलावंताचें खरें कौशल्य हेंच. त्यांचा आवाज, चपलपणा, हजरजबाबीपणा हे गुण इतरांतहि सांपडतील; परंतु नातें निवडण्याचा हा विवेक विरळा.

त्याच विवेकानें त्यांनीं उखाण्याचा उपयोग केला. पतीचें नांव घेऊं नये ही जुनी चाल, आणि घ्यावयाचेंच तर तें यमकांत गुंफून घ्यावें ही तिच्यांतलीच पळवाट. बांदेकर नवऱ्यालाहि उखाणा घ्यावयास लावीत. मग त्या गृहस्थाची जी तारांबळ उडे, तिच्यांत विनोद होताच. पण इतकीं वर्षें आपली पत्नी हें कसें साधीत आली, याची अंधुक जाणीवहि असे. खेळ चालू असतां ते लग्न कसें जमलें, पहिला स्वयंपाक कसा झाला, हें सहज विचारीत. आणि उत्तर देतां देतां एखादी बाई सुटलेल्या शिक्षणाविषयीं दोन वाक्यें बोलून जाई. कोचावर बसलेला नवरा तें ऐकून चमके. अशा वेळीं बांदेकर गप्प राहत. बोलक्या माणसाला हें गप्प राहणें सोपें नव्हे.

येथवर आम्हीं स्तुति केली. आतां आक्षेप सांगणें प्राप्त आहे. ‘होम मिनिस्टर’ या नांवांत स्त्रीला मंत्रिपद आहे, पण खजिना नाहीं. घर कोणाच्या नांवावर आहे, घरांत येणाऱ्या पैशाचा हिशेब कोण ठेवतें, हे प्रश्न भावोजी विचारीत नसत. विचारते तर घराचें दार पुढच्या वेळीं इतक्या आनंदानें उघडलें नसतें, हें खरें. परंतु ज्या सत्तेचा गौरव करावयाचा ती सत्ता खरोखर आहे काय, एवढें तरी पाहावयास नको काय?

आम्ही हें वाशीमकडे पाहून लिहीत आहों. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा आमचा जिल्हा. कार्यक्रम भरांत होता त्या वर्षांत येथें भारनियमन होतें. पैठणी कोणास मिळाली हें दुसऱ्या दिवशीं शेजारणीकडून कळे. सोयाबीनच्या शेतांतून दिवेलागणीला परतलेल्या बाईला नटूनथटून बैठकीवर बसण्याइतकी सवड कोठली? आणि त्याच काळांत, २००६ च्या जुलैमध्यें, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांनीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत वाशीम होता. कर्ता पुरुष गेल्यावर ज्या स्त्रीच्या शिरावर कर्ज, मुलें आणि सातबाऱ्याची खटपट एकदम येऊन पडली, तिच्याइतकी खरी गृहमंत्री दुसरी कोण? तिच्या ओसरीवर खेळ मांडावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या पडद्यावर मराठी गृहिणीचा रोज सत्कार होत होता, त्यावर तिचें रूप बहुधा नीटनेटक्या बैठकीच्या चौकटींतच मावत होतें, हें नमूद केलेंच पाहिजे.

बांदेकरांच्या पुढील कारकीर्दीनेंहि एक धडा दिला. २००९ सालीं ते शिवसेनेच्या वतीनें माहीमहून विधानसभेस उभे राहिले आणि पराभूत झाले. घरोघरीं मिळालेलें पाहुण्याचें प्रेम मतपेटींत उतरलें नाहीं. भावोजीला चहा देणें वेगळें आणि कारभार देणें वेगळें, हा भेद मतदारांस ठाऊक होता. २०१७ सालीं त्यांच्याकडे सिद्धिविनायक मंदिर न्यासाचें अध्यक्षपद आलें. २०२० च्या टाळेबंदींत त्यांनीं पडद्यावरूनच घरांशीं संवाद साधला. बोलणें तेंच होतें, परंतु उंबरठा ओलांडण्यांतली गंमत नव्हती. अखेर २०२२ सालीं ‘महामिनिस्टर’ पर्वांत अकरा लाख रुपयांची पैठणी बक्षीस लावण्यांत आली. आम्हांस विचाराल तर ती पैठणी महाग होती, मोठी नव्हती. साध्या पैठणीचें मोल विणकराच्या जरींत नसून, ती आपल्याच घरांत, आपल्याच माणसांसमोर खांद्यावर पडे त्या क्षणांत होतें. आंकडा वाढला तसा तो क्षण आकसला.

तरीहि शेवटचा शब्द कृतज्ञतेचा असावा. शेंकडों व्याख्यानांनीं जें साधलें नाहीं तें या माणसानें एवढ्याशा युक्तीनें साधलें: घरच्या पुरुषांना अर्धा तास खालीं बसवून घरच्या बाईचें बोलणें ऐकावयास लावलें. तिला काय विचारावें हें त्याला पुरतें सुचलें नसेल. पण तिला विचारावें, हें त्याला सुचलें. उरलेले प्रश्न विचारण्यास भावोजींची वाट पाहावी लागूं नये. ते घरच्यांनींच विचारावेत, आणि त्यासाठीं कोणत्याहि पैठणीची गरज नाहीं.