ब्योमकेशला बोलू द्या

२०२३ साली ‘दुर्गरहस्य’ दोनदा पडद्यावर आलं. ऑगस्टमध्ये अभिनेता देवचा चित्रपट, पाठोपाठ सृजित मुखर्जींची मालिका. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेश या गुप्तहेराच्या ३२ पूर्ण कथा आणि अर्ध्यावर राहिलेली ‘बिशुपाल वध’ भाषांतरांतून सलग वाचून मी या दोन्हींकडे वळलो, आणि चिडलो. किल्ला भव्य, प्रकाशयोजना भव्य, संगीत तर छातीवर बसणारं. या सगळ्यात ब्योमकेशला शांतपणे बोलायला जागा कुठे आहे?

कारण बोलणं आणि बोलतं करणं हीच या माणसाची विद्या. कलकत्त्यातल्या हॅरिसन रोडवरच्या बिऱ्हाडात नोकर पुंटीराम चहा आणून ठेवतो, मित्र अजित शेजारी बसलेला असतो आणि समोरचा माणूस घरातलं काहीतरी अडखळत सांगत असतो. ब्योमकेश मध्येच एखादा प्रश्न टाकतो, वरवर अगदी किरकोळ. सांगणाऱ्याच्या तोंडून नको ते निसटतं. आणि गुन्हे कसले? ‘अर्थमनर्थम्’मधले करालीबाबू पुन्हा पुन्हा मृत्युपत्र बदलतात. ‘आदिम रिपू’मधल्या अनादी हालदाराच्या घरात दत्तक मुलगा आहे आणि दडवलेला पैसा आहे. ‘चिडियाखाना’तले निवृत्त न्यायाधीश निशानाथ सेन समाजानं टाकलेली माणसं एका वसाहतीत गोळा करतात. केदारखेड्यात बसून वाचताना यातलं काहीच मला परकं वाटलं नाही. बांध कोरल्यावरून, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागलं यावरून, म्हातारीचा अंगठा कुणी घेतला यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हे भोकरदन तालुक्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. शरदिंदूंनी रहस्य बाहेरून आणलं नाही. ते घरातच होतं, त्यांनी दिवा जवळ नेला.

दिबाकर बॅनर्जींच्या २०१५च्या ब्योमकेश-चित्रपटावरचा माझा राग इथूनच येतो. ‘सत्यान्वेषी’ या कथेत मेस चालवणारे अनुकूलबाबू हे होमिओपॅथीचे डॉक्टर. गोरगरिबांना औषध देणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा हा माणूस कोकेनचा धंदा करतो आणि गरज पडली की गळा कापतो. भीती वाटते ती त्याच्या साधेपणाची. रोज ज्याच्या पंगतीला बसलो त्याला आपण ओळखलंच नाही, हा त्या कथेचा घाव आहे. चित्रपटात हेच अनुकूलबाबू चिनी टोळीचे हरवलेले सरदार निघतात, जपानी बॉम्बहल्ल्याच्या कटात अडकतात आणि शेवटी तलवारीनं रक्ताचा सडा पाडतात. युद्धकाळातलं कलकत्ता फार देखणं उभं केलंय, ते मी नाकारत नाही. पण तलवार हातात आल्याक्षणी तो माणूस शेजारी राहत नाही, राक्षस होतो, आणि राक्षसाला ओळखायला ब्योमकेश कशाला लागतो?

सत्यजित राय यांनाही हे साधलं नव्हतं. १९६७च्या ‘चिडियाखाना’त ब्योमकेशच्या घरी साप आहे, उत्तमकुमारांना जपानी माणसाचा वेश आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ब्योमकेश मिळाला नाही. अंजन दत्त, अरिंदम शील यांचे चित्रपट येत गेले, बघून झाले. तिकडे इंग्रजीतही हेच: केनेथ ब्रॅनाच्या पॉयरोला मिशीसाठी युद्धातली पूर्वकथा लागते आणि बीबीसीच्या ‘ऑर्डील बाय इनोसन्स’मध्ये अगाथा ख्रिस्तीचा खुनीच बदलला जातो. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्याची इच्छा नाही.

उरतात बासू चटर्जी. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेली त्यांची मालिका मी आता पुन्हा सगळी पाहिली आणि माझ्या मनात शंका राहिली नाही: मूळ लेखकाला इतकं नीट ऐकणारा दुसरा दिग्दर्शक झालेला नाही. खोली, खुर्च्या, चहा, दोन माणसं. कॅमेरा सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि हलत नाही. रजित कपूर मान किंचित कलती करून ऐकतात. त्यांचं ऐकणं हाच तपास आहे. के. के. रैना यांचा अजित मित्र आहे, विदूषक नाही. आपल्या सुकन्या कुलकर्णींची सत्यवती येते आणि कथेत संसार येतो: रुसवा, थट्टा, गुप्तहेराच्या घरातली वेळेवरची जेवणं. ‘अर्थमनर्थम्’मध्ये तपासाच्या निमित्तानं भेटलेल्या मुलीशी ब्योमकेश लग्न करतो, हे शरदिंदूंचं धाडस होतं. गाजलेले बरेच गुप्तहेर एकटे, हा प्रपंची. म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या घरातली भांडणं कळतात. बासूदांनी हे ओळखलं. नंतरच्यांनी सत्यवतीला एक तर शोभेची केली, नाहीतर साहसात ओढली.

आता आपल्याकडचं. शरदिंदू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले. १९३२ला सुरू केलेला ब्योमकेश त्यांनी १९३६ नंतर पंधरा वर्षं बाजूला ठेवला होता. १९५२ मध्ये ते पुण्यात स्थायिक झाले आणि ‘चिडियाखाना’, ‘आदिम रिपू’, ‘शजारूर काँटा’ त्यानंतरच्या. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलावरही त्यांनी बंगालीत कथा लिहिल्या. इतका मोठा लेखक अठरा वर्षं पुण्यात राहून लिहीत होता आणि मराठीनं त्याच्याकडून काय घेतलं? अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड धावत राहिले, गुरुनाथ नाईकांचे नायकही धावले. दोघांची पुस्तकं प्रत्येकी हजारावर. मराठी रहस्यकथेनं धाव घेतली, बैठक मारली नाही. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास निदान शब्दांवर खटले लढवणारा होता. पण पडद्याला त्यांच्याकडून हवी वाटली ती ‘दुनियादारी’.

निर्मात्यांचं उत्तर ठरलेलं असतं: गावाकडचा प्रेक्षक नुसतं बोलणं बघत नाही. हे खोटं आहे, आणि अपमानकारकही. हाच प्रेक्षक कीर्तनात तीन तास बसतो. वगातल्या सवालजवाबावर हाच रात्र काढतो. वाटणीच्या बैठकीत कोण कुठल्या शब्दावर अडखळलं हे त्याला वर्षांनंतरही आठवतं. बोलण्यातलं खोटं पकडण्याची सवय या माणसाला मुंबईच्या कुठल्याही पटकथाकारापेक्षा जास्त आहे. त्याला कळत नाही असं धरून तुम्ही बंदुका आणि ड्रोनची दृश्यं वाढवता, आणि मग मराठीत चांगली रहस्यमालिका चालत नाही म्हणून तक्रार करता. तुम्ही ती केलीत कधी?

‘आदिम रिपू’ घ्या. ती कथा पुण्यातल्या एखाद्या वाड्यात सहज बसेल. चार नट, एक जिना, बाहेर दंगलीचा आवाज. शेवटी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ब्योमकेश काळा पैसा जाळून टाकतो आणि खुन्याला पोलिसांच्या हवाली न करता जाऊ देतो. हा निर्णय चेहऱ्यावर पेलणारे नट मराठी रंगभूमीवर आज आहेत. त्यांच्या हाती पिस्तूल देऊ नका, समोर बोलायला एक माणूस द्या.